रोजकीर्द, खतावणी आणि लिनक्स

(कोल्हार, जि. अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराने, तेही पन्नाशी ओलांडल्यावर, असा विषय हाती घ्यावा याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. विषय आहे लिनक्स ही संगणकप्रणाली आणि त्यातही तिच्यातील फाइल-व्यवस्थेचा कारभार. परिभाषाकोशात फाइलला 'संचिका' असा भारदस्त शब्द आहे. परंतु पतसंस्थेत कोणी संचिका मागत नाही, म्हणून मीही फाइलच म्हणणार आहे.

हा विषय आजच का? विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. गावोगावच्या शाळा, वाचनालये, पतसंस्था यांच्याकडील कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण त्याचा सांभाळ करणारा कोणी उरला नाही, अशी ही अवस्था. अशा यंत्रावर लिनक्स उत्तम चालते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियन लिनक्सच्या पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली उभी केली. तिची पहिली आवृत्ती २००७ ची. तिच्यात मराठीची सोय आहे. आपल्या मनाला सुखावणारी ही गोष्ट आहे, यात शंका नाही. मात्र प्रणाली बसवून देणारा तंत्रज्ञ शहरात परत गेला आणि डिस्क भरल्यावर, बिघडल्यावर काय करायचे हे गावात एकालाही ठाऊक नसेल, तर आपली दप्तरे पूर्वी परक्याच्या हाती होती, ती केवळ दुसऱ्या परक्याच्या हाती गेली, एवढाच फरक पडतो.

जवळच्याच लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०-५१ च्या हंगामात गाळपही झाले. त्या पिढीने यंत्र विकत घेतले आणि ते चालवण्याची विद्याही आपलीशी केली. ज्या परिसराला हे जमले, त्याला डिस्क सांभाळणे अवघड नाही.

पहिला धक्का बसतो तो सी, डी, ई ही अक्षरे नाहीशी झाल्याचा. विंडोजमध्ये प्रत्येक कप्पा म्हणजे स्वतंत्र विहीर. लिनक्समध्ये मात्र पाट आहे. भंडारदऱ्याचे पाणी पाटातून चारीत आणि चारीतून शेतात येते, तसा येथे सगळ्याचा उगम एकच. त्याला 'रूट' म्हणतात आणि तो एका तिरप्या रेघेने दाखवतात. नवी डिस्क आली की ती या रचनेतील एखाद्या फोल्डरच्या जागी जोडायची, हेच 'माउंट' करणे. कोणती डिस्क कोठे जोडायची, याची नोंद 'एफएसटॅब' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. तेथे डिस्कचा कायमचा ओळख-क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, लिहावा. एसडीए, एसडीबी ही नावे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात.

येथे एक मेख आहे. डिस्क जोडलेली नसली तरी तिच्यासाठी राखलेले फोल्डर जागेवर असतेच, फक्त रिकामे. रात्री आपोआप निघणारी प्रत त्या फोल्डरात बिनतक्रार पडते. म्हणजे बाहेरच्या डिस्कऐवजी मूळ डिस्कवरच. मूळ डिस्क गेली की प्रतही गेली! म्हणून प्रत काढण्याआधी 'डीएफ' ही आज्ञा देऊन डिस्क खरोखर जोडली आहे का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट विजेची. वीज अचानक जाणे आपल्याला नवे नाही. १९९३ सालच्या ईएक्सटी२ या फाइल-व्यवस्थेत वीज गेली की पुढच्या वेळी सारी डिस्क तपासत बसावे लागे. २००१ मध्ये ईएक्सटी३ आली, तिने 'जर्नल' आणले. २००८ पासून स्थिरावलेल्या ईएक्सटी४ मध्येही ते आहे. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द! बदल आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर यंत्र रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करते. मात्र नेहमीच्या मांडणीत या रोजकीर्दीत फाइलींच्या रचनेची नोंद असते, मजकुराची नसते. रचना वाचेल, शेवटच्या क्षणी लिहिलेला परिच्छेद वाचेलच असे नाही. तेव्हा इन्व्हर्टर हवाच. डिस्क तपासणारी 'एफएससीके' ही आज्ञा जोडलेल्या डिस्कवर कधीही चालवू नये. आधी डिस्क सोडवावी. चालू गाडीचे चाक कोणी बदलत नाही.

अधिकारांची व्यवस्था तर पतसंस्थेच्या चिटणिसाला कोणत्याही अभियंत्याहून लवकर समजेल. प्रत्येक फाइलीचा एक मालक, एक गट आणि उरलेले सारे. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, असे अंक असतात. त्यांची बेरीज करायची. ६४० म्हणजे चिटणीस वाचतील व लिहितील, समितीचा गट फक्त वाचेल, इतरांना प्रवेश नाही. फोल्डरच्या बाबतीत त्या 'एक'चा अर्थ आत शिरण्याची परवानगी, म्हणून तेथे ७५० द्यावे. पण सभासदांची यादी साध्या पेनड्राइव्हवर उतरवली की हे सारे पहारे गळून पडतात, कारण तेथे वापरल्या जाणाऱ्या फॅट पद्धतीत मालकाची नोंदच नसते.

आता खास मराठी माणसाची अडचण. ईएक्सटी४ मध्ये फाइलीचे नाव २५५ बाइटांपर्यंत चालते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला, कान्याला, मात्रेला, हलन्ताला तीन-तीन लागतात. 'कोल्हार' एवढ्या शब्दाचेच २१ झाले! म्हणजे मराठी नाव ८५ चिन्हांतच आटोपावे लागते. विंडोजमध्ये २५५ चिन्हे चालत असल्याने तेथील लांबलचक मराठी नावांच्या फाइली लिनक्सवर उतरवताना अडतात. लांब मथळे देण्याची आम्हा पत्रकारांची खोड येथे फार नडते. स्थलांतरापूर्वी अशी नावे शोधून तोकडी करावीत.

शिकण्यासाठी संस्थेचे चालू यंत्र घेऊ नये. अडगळीतील एखादा संगणक घ्यावा, त्यावर बॉस किंवा डेबियन बसवावे, निरुपयोगी फाइलींनी डिस्क मुद्दाम भरून पाहावी, जोडावी, सोडवावी, प्रतीवरून पुन्हा उभी करावी. प्रतीवरून परत उभे करून पाहिल्याशिवाय ती प्रत चांगली आहे असे मानू नये. प्रत्येक गावात किमान दोघांनी हे शिकावे. त्यात एक शिक्षिका किंवा गृहिणी असली तर अधिक बरे, कारण तरुण मुले नोकरीसाठी बाहेर पडतात.

आणि 'रूट'चा परवलीचा शब्द एका व्यक्तीच्या स्मरणात ठेवू नका. तो कागदावर लिहून, लिफाफा मोहोरबंद करून, वर तारीख घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. शब्द बदलला की लिफाफाही त्याच दिवशी बदलावा.