चिनी वैद्यक आणि दोन स्त्रिया
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



चिनी वैद्यक म्हटले की अंगभर सुया टोचून घेतलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. सुया आहेतच, पण नाडीपरीक्षा, काढे, शेक, पथ्यपाणी असा या शास्त्राचा संसार फार मोठा आहे. ‘पिवळ्या सम्राटा’च्या नावावर चालत आलेला त्याचा मूळ ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. सोळाव्या शतकात ली शिचेन या वैद्याने २७ वर्षे खपून औषधिकोश रचला. त्यात १,८९२ द्रव्ये आहेत. आणि घरोघरची चाल म्हणाल, तर बाळंतिणीने महिनाभर वारा व थंड पाणी टाळून, गरम खाऊन घरात राहायचे. तिकडे याला ‘महिना बसणे’ म्हणतात. आपला सव्वा महिनाच की!

पण ग्रंथकर्ते बहुतेक पुरुष. म्हणून मला तान युन-श्येन हिच्याविषयी सांगायचे आहे. जन्म १४६१ चा. आजोबा वैद्य आणि आजीही वैद्य. नातीला विद्या दिली ती आजीने. परक्या पुरुषापुढे दुखणे सांगायला संकोचणाऱ्या बायका हिच्याकडे येत. पन्नाशीला आल्यावर तिने आपल्या ३१ रुग्णांची हकीगत लिहिली, मुलाकडून तिची प्रत करवली आणि १५११ साली ते पुस्तक निघाले. रुग्ण साऱ्या स्त्रिया. त्यांत एक नावेवर सुकाणू धरणारी. कष्टाने तिचे हातपाय बधिर झालेले. रोग्याला कष्ट काय पडतात ते ही बाई विचारी आणि लिहून ठेवी. मला तिचे हेच फार आवडते.

आता हे ऐकून कोणी उद्याच चिनी जडीबुटी मागवील, म्हणून सांगते. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी नामसाधर्म्यामुळे दुसरीच विषारी मुळी गेली. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडे बिघडली. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत घातक आहे.

जुन्या पोथीतले घ्यावे कसे, ते तू योयो या बाईंकडे पाहावे. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक मरत होते आणि क्लोरोक्विन लागू पडेनासे झाले होते. १९६७ मध्ये चीनने गुप्तपणे संशोधन सुरू केले. १९६९ मध्ये तू योयो त्यात आल्या. थोरली मुलगी चार वर्षांची, तिला पाळणाघरात ठेवले. धाकटीला आजोळी धाडले. परत भेटल्यावर मुलीने आईला ओळखले नाही.

त्यांच्या चमूने दोन हजारांवर जुने पाठ गोळा केले. त्यांत छिंगहाव नावाची, आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती होती. पण तिचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. तेव्हा चौथ्या शतकातल्या गे हुंगचा पाठ त्यांनी पुन्हा वाचला. त्यात काढा उकळायला सांगितलेच नव्हते. मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायचा होता. उष्णतेने गुण जात असेल काय? त्यांनी थोड्या उष्णतेवर, ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर पूर्ण लागू पडला. माणसांना देण्यापूर्वी त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी तो १९७२ मध्ये आधी स्वतः घेतला. त्यातल्याच द्रव्याचे नाव आर्टेमिसिनिन.

डॉक्टरेट नसलेल्या या बाईंना २०१५ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही सरकारी दवाखान्यांत फाल्सिपेरम जातीच्या हिवतापावर याच कुळातले औषध, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, देतात.