तोंडाचा पट्टा आणि हातातला पट्टा

लावण्या आटोपल्या, पाठ जरा सरळ झाली, म्हणून आज आम्ही खांबच्या बायका तुमच्याशी निवांत बोलायला बसलो आहोत.

आपल्या सगळ्यांना लहानपणापासून एक बोलणं ऐकून माहीत आहे. "हिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नाही." सासूने म्हटलं, नवऱ्याने म्हटलं, आपणही दुसरीला म्हटलं. पण हा पट्टा म्हणजे काय, हे आमच्यातल्या कुणीच कधी विचारलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, कमरेचा पट्टा असेल. तीन वर्षांपूर्वी मुलींसाठी लाठीकाठीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा वस्तादांनी सांगितलं, "अहो ताई, तो दांडपट्टा. एकदा फिरायला लागला की जवळ कुणाची जायची टाप नाही, म्हणून तसं म्हणतात."

तेव्हापासून आम्ही शिकतोय. आधी मुलींना सोडायला जायचो, मग कडेला उभं राहून बघायचो, मग एक दिवस पदर खोचून आम्हीच उभ्या राहिलो.

दांडपट्टा म्हणजे लांब, सरळ, लवचीक पात्याची तलवार. तिची मूठ वेगळी असते. हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो आणि आत आडवी पकड असते. त्यामुळे मनगट वाकतच नाही. विळ्याने गवत कापताना आपलं मनगट चालतं. पट्ट्यात ते चालत नाही. तिथे भात झोडताना जसा खांद्यापासून, कमरेपासून जोर येतो, तसा आणावा लागतो. वस्तादांनी हे सांगितलं आणि आम्ही हसलो, कारण झोडणी आम्हाला कुणी शिकवायला नको! पाय कुठे ठेवायचे, हे मात्र शिकावं लागलं. त्या पायांच्या ठेवणीला पवित्रा म्हणतात. "त्याने वेगळाच पवित्रा घेतला" असं बातम्यांत ऐकतो ना, तो शब्द आखाड्यातलाच.

पट्ट्याचं नाव निघालं की जिवा महाला आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली. त्या वेळी महाराजांवर चालून आलेल्या सय्यद बंडाला जिवाने अडवलं. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण त्यावरूनच आली. १९ फेब्रुवारी २०२४ ला, शिवजयंतीच्या दिवशी, दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालं. आपल्याला अभिमान वाटतोच. पण खरं तेही सांगायला हवं. पट्टा एकट्या मराठ्यांचा नव्हता, राजपूत आणि मुघलही तो वापरत. त्याने मराठ्यांचा मान कमी होत नाही.

मग ही विद्या आजवर टिकली कशी? इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही. तलवारी माळ्यावर गेल्या, काही गंजल्या, काही मोडीत गेल्या. पण कोल्हापूरसारख्या ठिकाणी तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवले. तलवारीच्या जागी फरीगदका आला. गदका म्हणजे चामडं मढवलेली काठी आणि फरी म्हणजे छोटी ढाल. धार नाही, पण वार तोच आणि अडवणंही तेच. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, त्यात या खेळांची माहिती नोंदवून ठेवली.

गंमत अशी, की त्याच सुमारास तिकडे जपानातही हेच घडत होतं. १८७६ साली तिथल्या सरकारने सामुराई लोकांना कमरेला तलवार लावून बाहेर फिरायला बंदी केली. तरी तिथल्या जुन्या घराण्यांनी तलवारीची विद्या सोडली नाही. लाकडी तलवारी घेतल्या आणि सराव चालू ठेवला. आजही तिथे नोकरीधंद्याची माणसं संध्याकाळी जाऊन शेकडो वर्षांपूर्वीचे डाव गिरवतात. लांब दांड्याला वाकडं पातं असलेलं नागिनाता नावाचं एक शस्त्र आहे, ते तर आज तिथे जास्त करून बायकाच शिकतात.

त्यांची एक रीत आम्हाला फार आवडली. सराव जोडीने असतो. कुणी कधी वार करायचा आणि कुणी कसा अडवायचा, हे ठरलेलं असतं. त्यात जो जाणता असतो, तो हरणाऱ्याची बाजू घेतो. वार त्याने करायचा आणि शेवटी मारही त्यानेच खायचा, म्हणजे नवख्याला जिंकायची योग्य वेळ कळते. आम्ही हे आमच्या वर्गात आणलं. आता मोठ्या बायका हरतात आणि मुली जिंकतात. घरात आपण मुलींना किती वेळा असं जिंकू देतो, याचा विचार तेव्हापासून आमच्या डोक्यात आहे.

कुणी विचारतं, आता तलवारीची लढाई कुठे होणार आहे? शिकून उपयोग काय? आम्ही त्यांना जात्यावरच्या ओव्यांची आठवण देतो. आपल्या आज्यांना शेकड्यांनी ओव्या पाठ होत्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ज्या घरात सुनेने ओवी उचलली नाही, त्या घरातली ओवी आजीबरोबर गेली. शस्त्राचंही तसंच आहे. पट्टा संग्रहालयात काचेमागे राहील, पण तो फिरवायचा कसा हे काचेमागे ठेवता येत नाही. ते एका अंगातून दुसऱ्या अंगात जावं लागतं. सुरगड आपल्या उशाशी आहे. तिथले दगड उरले, पण त्या तटावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय कसे पडत होते, हे दगड सांगणार नाहीत.

आता आमची एक चूक सांगतो. पहिल्याच वर्षी आम्हाला मिरवणुकीत नाचायची घाई झाली. ढोल वाजत होते, लोक मोबाईल धरून उभे होते. आम्ही कुठूनतरी खऱ्या पात्याच्या तलवारी आणल्या आणि शिकलो त्यापेक्षा जास्त फिरवल्या. आमच्यातल्या एकीचा हात कापला. सात टाके पडले. पंधरा दिवस तिला भाकरी थापता आली नाही. वस्ताद ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "टाळ्या ऐकू आल्या की पवित्रा सुटतो." तेव्हापासून आमचा नियम आहे : सराव लाकडी काठीवर आणि गदक्यावरच. धारदार तलवारीला १९५९ च्या शस्त्र कायद्याची बंधनंही आहेत. म्हणून कुठलाही कार्यक्रम असला तर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यायचं.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. लाठी आली म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, असं आम्ही कुणाला सांगत नाही. संकट बऱ्याचदा ओळखीच्या माणसाकडून येतं, घरातूनच येतं, आणि तेव्हा हातात काठी नसते. अशा वेळी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा नंबर, शेजारीण आणि आपला गट हेच कामाला येतात. मग लाठीने काय दिलं? आमच्यातल्या एकीने सांगितलं ते तुम्हाला सांगतो. ती म्हणाली, "आधी कुणी अंगावर ओरडलं की मी डोळे मिटायचे. आता मिटत नाही." समोरून वार येताना डोळे उघडे ठेवायचे, हा सरावातला पहिला धडा. तो धडा घरी आपोआप जातो.

वयाचीही भीती नको. पुण्याच्या शांताबाई पवार आजींनी २०२० च्या टाळेबंदीत, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, रस्त्यावर लाठ्या फिरवून पोट भरलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. केरळच्या मीनाक्षी अम्मा सत्तरी ओलांडल्यावरही तलवार आणि ढाल घेऊन कळरीपयट्टू शिकवत होत्या. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली.

आमच्या वर्गापुढे आज खरी अडचण वेगळीच आहे. मुली शिकतात, हात बसतो, आणि लग्न ठरलं की काठी कोपऱ्यात जाते. गेल्या वर्षी आमची सगळ्यात चांगली मुलगी अशीच गेली. सासरी सांगायलाही लाजत होती. आम्ही तिच्या सासूबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं आणि वर्ग दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण निघताना त्यांनी एक काठी हातात घेऊन तोलून पाहिली. मुलगी अजून परत आलेली नाही. आम्ही तिची काठी ठेवून दिली आहे.

तुमच्या गावात सुरुवात करायची असेल तर फार काही लागत नाही. भरीव बांबूची, गाठी तासलेली, कानाच्या उंचीची काठी. सारवलेलं खळं किंवा शाळेचं पटांगण. दोघींमध्ये दोन काठ्यांचं अंतर. आठवड्यातून दोन संध्याकाळी. जाणता शिक्षक मात्र हवाच. मोबाईलवर बघून काठी फिरते, पण चूक कुणी दाखवत नाही. आणि सासवांना पहिल्याच दिवशी बोलवा, शेवटच्या दिवशी नको.

तेव्हा मैत्रिणींनो, पुन्हा कुणी म्हणालं की हिच्या तोंडाचा पट्टा सुटला, तर रागावू नका. विचारा, "हातातला बघायचा का?"

येतो आम्ही. नमस्कार.