चार्नोकाइट : एका खडकाच्या कुळाचा शोध

अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित असे खडकांचे तीन वर्ग शाळेतील मुले पाठ करतात. हे वर्ग रंगावरून पाडलेले नाहीत, कठीणपणावरूनही नाहीत. खडक जन्मला कसा, यावरून ते पाडलेले आहेत. एखाद्या दगडाला यांपैकी एका वर्गात घालणे म्हणजे त्याचा पूर्वेतिहास सांगणे होय. त्या इतिहासाचा साक्षीदार मात्र बहुधा तो दगड एकटाच असतो, आणि अडचण येथूनच सुरू होते. ती किती खोलवर जाऊ शकते हे दाखविणारा एक भारतीय खडक, चार्नोकाइट, हा या व्याख्यानाचा मुख्य विषय आहे. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी तिन्ही कुळांची लक्षणे पाहून ठेवणे इष्ट.

भूपृष्ठाखालील तप्त शिलारस निवून घट्ट झाला म्हणजे अग्निजन्य खडक होतो. तो खोलवर सावकाश निवाला तर स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळतो आणि ग्रॅनाइटासारखा भरड कणांचा खडक तयार होतो. तोच पृष्ठावर येऊन झपाट्याने निवाला तर कण डोळ्यांना दिसेनासे होतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्यांचा काळा बेसाल्ट असा आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे त्याचे आणि अजिंठ्याची लेणीही त्यातच कोरलेली. कणांचा आकार पाहून झाला की दुसरा प्रश्न खनिजांचा. ग्रॅनाइटात सिलिकेचे प्रमाण शेकडा ७०च्या आसपास, तर बेसाल्टात ५०च्या आसपास असते. म्हणून बेसाल्टचा रस खोलवर सावकाश निवाला, तरी त्याचा ग्रॅनाइट होत नाही, गॅब्रो होतो.

गाळाच्या खडकांची कथा अधिक उघड आहे. झिजलेल्या खडकांचे कण पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून नेले, थरांवर थर साचले, वरच्या भाराने दाबले गेले आणि सिलिका, चुना किंवा लोहाचे संयुग यांनी सांधले गेले, की वालुकाश्म किंवा शेल तयार होतो. उत्तर भारतातील अनेक इमारतींना लागलेल्या विंध्य वालुकाश्माच्या लाद्यांवर उथळ पाण्याने वाळूत उमटविलेल्या तरंगखुणा आजही दिसतात. येथे वर्गीकरण मुख्यतः कणांच्या आकारावर चालते. पाण्यातील विद्राव्य पदार्थ किंवा सजीवांचे अवशेष साचून झालेले चुनखडक आणि दगडी कोळसा मात्र त्या मापात बसत नाहीत. त्यांची विभागणी घटकांवरून करावी लागते.

तिसरे कूळ रूपांतरितांचे. उष्णता व दाब यांनी खडक न वितळताच आतून बदलतो. जुनी खनिजे मोडतात, नवी जुळतात. चुनखडकाचा संगमरवर होतो, आणि ताजमहालासाठी वापरलेला मकराण्याचा दगड त्यातलाच. शेलची पाटी होते. रूपांतरण आणखी तीव्र झाले, तर अभ्रकाचे पापुद्रे असलेले आणि शेवटी फिकट व गडद पट्ट्यांचे पट्टिताश्म बनतात. ‘न वितळता’ ही अट सांगण्यास सोपी, पण खडकात शोधण्यास फार अवघड आहे. पुढील सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारी जॉब चार्नोक १६९३ मध्ये कलकत्त्यास मरण पावला. त्याला त्या शहराचा संस्थापक म्हणण्याची प्रथा पुढे पडली. ती ग्राह्य नाही असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. सेंट जॉन चर्चच्या आवारातील त्याच्या कबरीवरची लेखयुक्त शिळा मद्रासकडच्या दगडाची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील टी. एच. हॉलंड यांनी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट व पल्लावरम येथील खडकाचा अभ्यास करताना या शिळेशी त्याचे नाते जुळविले आणि १८९३ मध्ये खडकाला चार्नोकाइट हे नाव दिले. चार्नोकच्या कीर्तीचा हा भाग तरी वादातीत आहे.

हा खडक गडद, हिरवट, किंचित तेलकट झाकेचा असतो. त्यात निळसर क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि हायपरस्थीन नावाचे पायरॉक्सीन गटातील खनिज असते. ग्रॅनाइटात सहसा अभ्रक असते, आणि अभ्रकाच्या घडणीत पाण्याचा अंश असतो. हायपरस्थीनमध्ये तो नसतो. म्हणजे हा जणू कोरडा ग्रॅनाइट. हॉलंड यांनी तो अग्निजन्य ठरविला आणि १९०० मध्ये दक्षिण भारतातील या खडकांच्या मालिकेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. निलगिरी आणि शेवरॉय यांसारखे डोंगर याच मालिकेचे.

पण शंका येऊ लागल्या. पुष्कळ ठिकाणी हे खडक पट्टेदार होते, आणि त्यांतील खनिजांचे साहचर्य अतिशय तीव्र रूपांतरणात आढळणारे होते. नमुना हातात घेऊन किंवा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनही निकाल लागेना, कारण वितळलेल्या कोरड्या रसातून आणि पाणी गमावलेल्या घन खडकातून जवळजवळ तीच खनिजे तयार होऊ शकतात.

निर्णायक साक्ष मिळाली ती कर्नाटकातील कब्बालदुर्ग येथील खाणीत. सी. एस. पिचमुथू यांनी १९६० मध्ये तेथील वर्णन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेथे फिकट पट्टिताश्मात गडद हिरवे डाग व शिरा उमटलेल्या आहेत. पट्टे डागाच्या कडेपर्यंत येतात आणि आत शिरताच पुसट होत विरून जातात. डाग म्हणजे चार्नोकाइट. बाहेरून रस घुसला असता तर त्याने पट्टे कापले असते, स्पष्ट सीमा दिसली असती. येथे जुना खडकच जागच्या जागी बदलत होता आणि सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी तो बदल अर्ध्यावर थांबला. पुढील संशोधकांनी त्याचे कारण कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त द्रवांच्या शिरकावात शोधले: पाण्याचा जोर घटताच अभ्रक व हॉर्नब्लेंड मोडून पायरॉक्सीन तयार झाले.

यावरून हॉलंड चुकले असे मात्र ठरत नाही. जगात अन्यत्र शिलारसापासून थेट घडलेले चार्नोकाइटही आढळले आहेत. त्यामुळे हे नाव आज खनिजांच्या घटनेवरून दिले जाते. कूळ प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरवावे लागते, आणि त्यासाठी खडकाच्या तुकड्यापेक्षा शेजारच्या खडकाशी असलेली त्याची सीमा अधिक उपयोगी पडते. संग्रहालयाच्या पेटीत ठेवलेल्या नमुन्याची तीच बाजू तुटलेली असते.