दातात सिमेंट आहे, मग ब्रेसेस बसतील का?

ब्रेसेस लावायच्या म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. "लहानपणी क्रिकेट खेळताना पुढचा दात तुटला होता, त्याला सिमेंट लावलंय. दाढेत चांदी भरलीय. मग तारा बसतील का?" बसतील. फक्त प्रत्येक दाताला चिकटवायची पद्धत वेगळी असते. ती का, ते आज समजून घेऊ.

आधी चांगल्या दाताचं बघू. दाताच्या बाहेरच्या कडक थराला एनॅमल म्हणतात. तो इतका गुळगुळीत असतो की त्यावर नुसतं काही चिकटत नाही. म्हणून डॉक्टर साधारण 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड पंधरा ते तीस सेकंद लावतात, मग धुऊन दात कोरडा करतात. त्याने एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पडतात. पातळ रेझिन त्यात शिरतं, निळ्या लाइटने घट्ट होतं आणि ब्रॅकेट पकडून ठेवतं. ही युक्ती मायकल बुओनोकोर या अमेरिकन डेंटिस्टने 1955 मध्ये मांडली. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून ॲसिड वापरतात, त्यावरून त्यांना ती सुचली.

आता गंमत अशी, की हे ॲसिड सिमेंटवर, चांदीवर किंवा कॅपवर तशी छिद्रं पाडत नाही. म्हणून तिथे दुसरा उपाय लागतो.

दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कंपोझिट असेल, तर वरचा थर बारीक बरने खरखरीत करतात किंवा ॲल्युमिनाची बारीक पावडर हवेच्या झोताने मारतात. मग बाँडिंग आणि ब्रॅकेट. चांदीवरही तीच पावडर मारतात आणि वर धातूसाठीचा खास प्रायमर लावतात. पोर्सेलिनच्या कॅपला हायड्रोफ्लोरिक ॲसिड आणि सिलेन वापरता येतं. हे ॲसिड हिरडीला लागलं तर भाजतं, त्यामुळे डॉक्टर हिरडी झाकून घेतात. तुम्ही फक्त तोंड हलवू नका! आणि मोठं फिलिंग असलेल्या मागच्या दाढेवर बरेचदा ब्रॅकेटऐवजी सरळ धातूची रिंग, म्हणजे बँड बसवतात.

मग आणखी जोरात का चिकटवत नाहीत? कारण ब्रॅकेट दीड-दोन वर्षं टिकायला हवं, पण शेवटी दाताला धक्का न लावता निघायलाही हवं. पकड फार घट्ट झाली तर काढताना पोर्सेलिनचा टवका उडू शकतो. सिमेंटचाही कोपरा निघू शकतो, मग ते पॉलिश करावं लागतं किंवा बदलावं लागतं. हा खर्च कोणाचा, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

आता तुमच्या हातात काय आहे?

एक, कुठल्या दातात काय भरलंय, कुठे कॅप आहे, कधी केलंय, सगळं सांगा. चांगलं केलेलं सिमेंट दाताशी इतकं मिसळतं की नुसत्या नजरेला चटकन कळत नाही.

दोन, फिलिंगखाली नवी कीड आहे का, हे एक्स-रे काढून आधी बघून घ्या. किडलेल्या दातावर ब्रॅकेट म्हणजे भेगा पडलेल्या भिंतीवर नवीन रंग.

तीन, फक्त दिसण्यासाठी नवी कॅप करायची असेल, तर ती ब्रेसेस निघाल्यावर करता येईल का, ते विचारा. रूट कॅनल झालेल्या दाढेचं मात्र डॉक्टर सांगतील तसंच करा, तिथे थांबणं महागात पडू शकतं.

चार, चिक्की, ऊस, कडक पेरू आणि मक्याचं कणीस दातांनी तोडू नका. दाणे सोडवून खा, पेरू चिरून खा. फिलिंगवरचं ब्रॅकेट अशा झटक्याने लवकर निघतं.

आणि निघालंच तर "पुढच्या महिन्यात जाणारच आहे" म्हणून गप्प बसू नका. त्या दाताला मिळणारा जोर थांबतो, सरकलेला दात मागे फिरू शकतो आणि ट्रीटमेंट लांबते. निघालेला तुकडा डबीत ठेवा, घरच्या फेव्हिक्विकला हात लावू नका आणि क्लिनिकला लगेच फोन करा.

ज्याच्या दातात चांदी आहे आणि जो तेवढ्यासाठी ब्रेसेस टाळतोय, त्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!