जुन्या लष्करी ट्रकचा रुसलेला खटका

यंत्र बिघडले की माणसाचा हात प्रथम पान्याकडे जातो आणि विचार मागाहून येतो. विजेच्या बाबतीत तर हा क्रम फारच महाग पडतो. वीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिचा माग काढावयाचा तो तर्कानेच. जुन्या लष्करी ट्रकवरील दिव्यांचा खटका हे याचे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकन सैन्यासाठी १९५० च्या सुमारास सिद्ध झालेला एम-३५ हा ट्रक पाहा. रस्ता सोडून रानावनातून अडीच टन माल नेणारी ही गाडी कोरिया व व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत राबली. सैनिक तिला लाडाने ‘ड्यूस अँड अ हाफ’, म्हणजे ‘दुरी आणि अर्धा’, असे म्हणत. आज तिचे अनेक नमुने हौशी संग्राहकांच्या हाती आहेत, आणि त्यांना हमखास छळणारी वस्तू म्हणजे दर्शनी फळ्यावरील तीन दांड्यांचा खटका.

साध्या मोटारीला एक बटन पुरते. मग येथे तीन दांड्या कशासाठी? कारण युद्धात प्रकाश हाही शत्रूला फितूर होतो. अंधारात चुकून हात लागला आणि पुढचे मोठे दिवे लागले, तर साऱ्या तांड्याचा ठावठिकाणा उघड व्हावयाचा. म्हणून मुख्य दांडी पूर्ण प्रकाशाकडे न्यावयाची तर कुलुपाची दुसरी दांडी आधी वर उचलून धरावी लागते. तिसरी दांडी फळ्यावरील दिवे व गाडी उभी असतानाचे दिवे सांभाळते. मुख्य दांडीला पाच जागा आहेत: बंद, नेहमीचे दिवे, केवळ ब्रेकचा दिवा, ब्लॅकआउटचे खूणदिवे आणि ब्लॅकआउटमध्ये गाडी हाकण्याचा टोपीदार दिवा.

येथेच पहिला धडा मिळतो. खटका मोडला असे मानण्यापूर्वी तो योग्य जागी आहे की नाही, हे पाहावे. या गाडीत मुख्य दांडी ‘बंद’वर असली तर ब्रेक दाबूनही मागचा दिवा लागत नाही. तो बिघाड नव्हे, ती रचनाच आहे. दिवसा गाडी चालवतानाही दांडी ‘ब्रेकचा दिवा’ या जागी ठेवावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगला खटका काढून फेकला जाण्याचा संभव असतो.

दांडी योग्य जागी असूनही पुढचे दिवे लागत नसतील, तर विजेची वाट डोळ्यांसमोर आणावी. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट मिळतात. तेथून वीज खटक्यात, खटक्यातून चालकाच्या डाव्या पायाजवळील डिपरमध्ये, डिपरमधून दिव्यात आणि दिव्यातून गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे परत बॅटरीकडे जाते. लष्कराने एक मोठी सोय करून ठेवली आहे: प्रत्येक तारेवर क्रमांकाची पट्टी असते. १५ क्रमांकाची तार खटक्यात वीज आणते, १६ क्रमांकाची ती डिपरकडे नेते, १७ व १८ या लांबच्या व जवळच्या प्रकाशाच्या तारा होत.

आता चोवीस व्होल्टचा एक लहान बल्ब व दोन तारा एवढे साहित्य पुरे. बल्बचे एक टोक स्वच्छ लोखंडाला लावून दुसऱ्याने १५ क्रमांक तपासावा. तेथे वीज नसेल तर दोष खटक्याच्या अलीकडे आहे. तेथे आहे, पण दांडी दिव्यांवर असूनही १६ वर नाही, तर खटका दोषी. दोन्हीकडे आहे, तर खटका निर्दोष. पुढे डिपर पाहावा. तो पायाशी असल्यामुळे पाणी व धूळ प्रथम त्यालाच गाठतात. डिपरही ठीक असेल तर दिव्याजवळचे अर्थ तपासावे. रंगाचा वा गंजाचा पातळ थर एवढेही वीज अडवावयास पुरेसे होते.

कधी खटका पुरता मेलेला नसतो, अर्धमेला असतो. बल्ब लागतो, परंतु पुढचे दिवे मंद जळतात. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत आतील पितळी स्पर्शबिंदू काळवंडतात व त्यांतून थोडीच वीज जाऊ शकते. अशा वेळी दिवे चालू ठेवून खटक्याच्या दोन बाजूंमधील व्होल्ट मोजावेत. निरोगी खटक्यात हा फरक जवळजवळ शून्य असतो. दिव्यांना चार अँपिअर लागत असून खटक्यातच तीन व्होल्ट खर्ची पडत असतील, तर बारा वॅटची उष्णता त्या लहानशा डबीत साठते. हाताला गरम लागणारा खटका आपली व्यथा स्वतःच सांगत असतो.

खटका काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार अवश्य सोडावी. स्पर्शबिंदू केवळ काळवंडले असतील तर ते साफ करून भागते. जळून खड्डे पडले असतील, वा आतील स्प्रिंग मोडली असेल, तर नवा खटका बसविणे शहाणपणाचे ठरते.

परंतु एक मोह कटाक्षाने टाळावा. खटका बाजूस ठेवून पुढच्या दिव्यांना बाजारातील साधे बटन जोडले की प्रकाश तत्काळ पडतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पण मुख्य दांडी ‘बंद’वरच राहते आणि ब्रेकचा दिवा मुकाच राहतो. रिकामी असतानाही सुमारे सहा टन भरणारी ही गाडी रात्री अचानक थांबते, आणि मागून येणाऱ्याला त्याची वर्दीच मिळत नाही. चालकाला पुढचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून मागचा अंधार त्याच्या ध्यानीही येत नाही. दुरुस्ती संपली असे म्हणण्यापूर्वी एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने गाडीमागे उभे राहून दिवा पाहावा. या कामाला अर्धा मिनिटही लागत नाही. आणि ते झाल्यावाचून अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.