गुण एका जनुकाचा की अनेकांचा?

(टेमघर, ता. भिवंडी येथील बैठकीतील भाषण)



बियाण्याच्या पिशवीवर दावे असतात : ठेंगणे वाण, पुरात टिकणारे, भरघोस उत्पन्नाचे. तिन्ही एकाच अक्षरात छापलेले. पण त्यांचे कूळ वेगळे आहे.

आपली जुनी उंच भाते खत जास्त झाले की लोळायची. १९६२ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत उंच 'पेटा' आणि तैवानचे ठेंगणे 'डी-जिओ-वू-जेन' यांचा संकर झाला. पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच. दुसऱ्या पिढीत चारात एक ठेंगणे! तीनास एक हा हिशेब मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावर मांडला होता. म्हणजे हा ठेंगणेपणा एका जनुकाचा. त्यातूनच १९६६ साली आय. आर. ८ आले.

पुराचेही तसेच. ओडिशाच्या एका जुन्या भातातले 'सब-१ए' हे मुख्य जनुक 'स्वर्णा'त आणले. २००९ साली आलेले हे 'स्वर्णा-सब-१' दोनेक आठवडे पाण्याखाली तग धरते. बाकी सारे गुण स्वर्णाचेच.

उत्पन्नाला मात्र असा हिशेब लागत नाही. फुटवे किती, लोंबीत दाणे किती, दाण्याचे वजन किती, यातल्या प्रत्येकामागे अनेक जनुके. शिवाय माती, पाणी, खत. हजार रोपे मोजा : थोडी फार हलकी, थोडी फार भारी, बाकी सगळी मधली.

मग करायचे काय? बांधाकडेच्या जोमदार रोपाचे बी राखू नका. त्याला ऊन आणि जागा जास्त मिळाली. तो जोम बियात उतरत नाही. खाचराच्या मधल्या भागातून पुष्कळ रोपांच्या लोंब्या निवडा.

एका जनुकावर विसंबण्यातही धोका आहे. एका दरवाज्याचा किल्ला एकदा फुटला की संपला. २००२ साली आलेल्या पहिल्या बीटी कापसात एकच बीटी जनुक होते. २०१०पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली.

म्हणून दुकानदार उत्पन्नाचा आकडा सांगेल तेव्हा विचारा, किती ठिकाणी, किती हंगाम मोजला? आणि पहिल्या वर्षी सगळे शेत त्याला देऊ नका. गुंठाभर नवे, शेजारी गुंठाभर आपले, खत-पाणी सारखे. कापणीला दोन्ही वेगळी झोडा आणि वजन करा. तो आकडा तुमचा.