सहा रंगांचं गणित
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली तयार केलेला हा रंगीत क्यूब. याची एकच बाजू बघा. घरं नऊ, रंग सहा. म्हणजे सहा हा आकडा नऊ वेळा घेऊन गुणायचा. नक्ष्या होतात १,००,७७,६९६! यातली कुठलीही नक्षी क्यूब न मोडता, नुसता फिरवून जमते. कारण प्रत्येक रंग चार कोपऱ्यांवर आणि चार कडांवर असतो, अन् एका बाजूला कोपरे चार, कडाही चारच लागतात. तुकडा कमी पडतच नाही.

असे ३० आडवे, ३० उभे क्यूब मांडले की ९०० क्यूब, ८,१०० ठिपके. त्यातून माणसाचा चेहरा उमटतो. कातडीचा रंग सहांत नाही. म्हणून उजेडाला पांढरा-पिवळा, मध्ये नारिंगी-लाल, सावलीला निळा.

आम्ही साचेखात्यात चौकटीच्या कागदावरची घरं मोजून कापडावर फूल उठताना पाहिलं. ते गणित होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हणून आयाबहिणींनो, ‘गणित आपल्याला जमायचं नाही’ असं पोरांना कधी म्हणू नका.

जयभीम!